रीस्टार्ट करण्याआधी दोन मिनिटं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: सात वर्षं झाली, जावा भाषेवर आणि स्प्रिंग बूट, अँग्युलर या तयार साधनांवर काम करता. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवं नाव सांगतं, तुम्ही त्याचा कोर्स विकत घेता आणि चौथ्या-पाचव्या धड्यानंतर तो पडून राहतो. असे अकरा कोर्स झालेत. घरी दोन वर्षांची मुलगी आहे, हिंजवडीला जाण्यायेण्यात रोजचे अडीच तास जातात. त्यात आता एआय कोड लिहायला लागलंय, आणि 'मी मागे पडलो' या विचारानं रात्री झोप लागत नाही. या सगळ्या बदलांबरोबर धावायचं तरी कसं, असं तुम्ही विचारलंय.

यात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: "दर महिन्याच्या एक तारखेला आमची एक सेवा अडकते आणि आम्ही ती रीस्टार्ट करतो, तो त्रास वेगळाच." सेवा म्हणजे सर्व्हरवर सतत चालणारा तुमचा एक प्रोग्राम. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात आहे. त्याच्याकडे शेवटी येते, कारण आधी बाकीचं सांगितल्याशिवाय ते पटणार नाही.

मी २००४ पासून पुण्यात हे काम करते. आधी सर्व्हिस कंपनी, नंतर प्रॉडक्ट कंपन्या. मधे मुलाच्या वेळी दीड वर्ष घरी होते. आज बॅकएंडची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाची, एक टीम सांभाळते आणि कोड अजूनही रोज लिहिते. त्या दीड वर्षानंतर कामावर परतले तेव्हा माझीही अवस्था तुमच्यासारखीच होती.

पहिली गोष्ट. मागे पडलो म्हणजे नेमकं कुणाच्या मागे? रोज फोनवर पन्नास जण दिसतात. एकानं कुबरनेटीसचं प्रमाणपत्र मिळवलंय, दुसरा रस्ट शिकतोय, तिसऱ्यानं एआय एजंट बनवलाय. प्रत्येकजण एकेकच गोष्ट करत असतो. आपण मात्र त्या पन्नासांची बेरीज करतो आणि त्या बेरजेशी स्वतःला ताडून बघतो. असा माणूस कुठल्याच कंपनीत नसतो. इतक्या वर्षांत मी शंभरावर मुलाखती घेतल्या असतील, त्यात तो मला एकदाही भेटला नाही.

दुसरी गोष्ट त्या अकरा कोर्सची. ते अर्धवट राहिले म्हणून तुम्ही स्वतःला आळशी म्हणता, ते मला मान्य नाही. ज्याला दोन सेवांमध्ये निरोप पोचवायची गरजच पडलेली नाही, त्यानं तेच काम करणाऱ्या काफ्काचा कोर्स घेतला तर पार्टिशन आणि ऑफसेट हे शब्द चार दिवस लक्षात राहतील आणि पाचव्या दिवशी जातील. प्रश्न पडलेला नसताना उत्तर पाठ केलं की असंच होतं. तुम्हाला वेगानं शिकता येत नाही, ही अडचण नाहीच. काय शिकायचं हे तुम्ही दुसऱ्यांना ठरवू देता, आणि तुमचं स्वतःचं काम रोज जे प्रश्न समोर टाकतं ते रीस्टार्ट करून घालवता. हे जरा कडक झालं, पण माझंही बरीच वर्षं हेच चाललं होतं.

एक जुनी गोष्ट सांगते. २००८ ते २०११ अशी तीन वर्षं मी अ‍ॅडोबीच्या फ्लेक्समध्ये काम केलं. आज बऱ्याच जणांना हे नावही माहीत नसेल. ब्राउझरमध्ये फ्लॅश प्लेअरवर चालणारे मोठमोठे डॅशबोर्ड त्यात बनायचे. मागे जावा, पुढे अ‍ॅक्शनस्क्रिप्ट. मी त्यात चांगली तयार झाले होते. मग एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनं आयफोनवर फ्लॅश का नको, याचं जाहीर पत्र लिहिलं. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीनं मोबाइलवरचा फ्लॅश प्लेअर थांबवत असल्याचं सांगितलं आणि त्याच महिन्यात फ्लेक्स अपाचे फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशच बंद झालं. पण आमच्यासाठी गोष्ट २०११ लाच संपली होती. तीन वर्षं पाण्यात गेली, असं म्हणून मी त्या दिवाळीनंतर बरेच दिवस उदास होते.

काही वर्षांनी लक्षात आलं की नेमकं काय पाण्यात गेलं त्याचा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. टॅगची नावं गेली, अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या खाचाखोचा गेल्या, कुठला गुणधर्म पडद्यावरच्या कुठल्या घटकावर (कंपोनंटवर) असतो ते पाठांतर गेलं. राहिलं काय? सर्व्हरला केलेली विनंती लगेच परत येत नाही, तोवर पडदा कसा सांभाळायचा ते. कंपोनंट जन्मतो, दिसतो आणि जातो, आणि जाताना त्याचे लिसनर (घडामोडींवर कान ठेवणारे कोडचे तुकडे) काढले नाहीत तर मेमरी गळत राहते ते. आणि सर्वांत महत्त्वाचं: फ्लेक्समध्ये 'बाइंडेबल' लिहिलं की डेटा बदलल्यावर पडदा आपोआप बदलायचा. मोठ्या स्क्रीनवर हे आपोआप बदलणं एकमेकांत असं गुंतायचं की कुणी कुणाला बदललं ते शोधण्यात दोन-दोन दिवस जायचे.

२०१४ मध्ये मी अँग्युलरजेएसवर आले तेव्हा तिथलं दुतर्फा बाइंडिंग (डेटा बदलला की पडदा आणि पडदा बदलला की डेटा) ओळखीचं वाटलं आणि त्याचा गुंताही. पुढे रिअ‍ॅक्ट हातात आलं. त्यात डेटा एकाच दिशेनं, वरून खाली वाहतो. टीममधली तरुण मुलं विचारत होती, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मला ते एका दुपारीत समजलं, कारण ज्या दुखण्यावर ते औषध होतं ते दुखणं मी तीन वर्षं अंगावर काढलं होतं. म्हणजे साधन गेलं, पण त्यातल्या प्रश्नाची ओळख माझ्याकडे राहिली. तेव्हापासून कुठलंही नवं साधन समोर आलं की मी आधी एवढंच विचारते: हे कुठल्या दुखण्यावर आलंय, आणि ते दुखणं मला आहे का?

आता ज्यावर माझा सर्वाधिक भर आहे ते. आपण जिथे काम करतो त्याच्या एक मजला खाली, म्हणजे आपलं साधन ज्यावर उभं आहे त्यात काय चाललंय, ते शिकायचं. सगळे मजले नकोत, एकच.

२०१३ मध्ये आमच्याकडे विम्याच्या नूतनीकरणाचा एक रिपोर्ट होता. एका दिवसाच्या पॉलिसींची यादी, एवढंच काम. टेबलमध्ये साधारण तीन कोटी ओळी. रिपोर्ट उघडायला चाळीस सेकंद लागायचे. मी तेव्हा हायबरनेटमध्ये, म्हणजे जावा आणि डेटाबेस जोडणाऱ्या साधनात, रमलेली होते. कॅश (एकदा वाचलेला डेटा हाताशी ठेवायची सोय) लावून बघितली, मेमरी वाढवून मागितली, रिपोर्ट पानापानानं आणायचा घाट घातला. दोन आठवडे गेले. शेवटी आमच्या इथले डेटाबेसचं काम बघणारे सोलापूरचे एक ज्येष्ठ सहकारी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "प्लॅन बघितलास का?" एवढंच त्यांनी विचारलं. कुठला प्लॅन, हेही मला माहीत नव्हतं.

त्यांनी क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आधी 'एक्सप्लेन' लिहून ती चालवली. डेटाबेस ती क्वेरी कशी सोडवणार ते पडद्यावर आलं: पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खं टेबल वाचणार. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स (लवकर शोधता यावं म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) असताना! कारण मी लिहिलेल्या अटीत होतं. रकान्यात तारीख आणि वेळ दोन्ही असायची, आणि मला फक्त तारीख हवी म्हणून मी रकान्याभोवती तारीख काढायचं फंक्शन गुंडाळलं होतं. इंडेक्स रकान्यातल्या मूळ नोंदींच्या क्रमानं लावलेला असतो; फंक्शनमधून बाहेर पडलेलं उत्तर त्यात नसतं. शब्दकोशात 'ज्यांचं शेवटचं अक्षर र आहे ते शब्द काढ' असं कुणी सांगितलं तर पहिल्या पानापासून सगळा शब्दकोश चाळावा लागेल, तसं. त्यांनी अट बदलली: रकाना त्या दिवसाच्या मध्यरात्रीइतका किंवा त्याहून मोठा, आणि दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीहून लहान. रिपोर्ट अर्ध्या सेकंदाच्या आत आला.

त्या संध्याकाळी मी बी-ट्री, म्हणजे इंडेक्सची आतली रचना, काय असते ते वाचलं. एका पानात काहीशे नोंदी, प्रत्येक नोंदीवरून खालच्या पानाकडे वाट. तीन कोटी ओळींतली एक ओळ गाठायला तीन-चार पानं उलटली की पुरतं. रूडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांचा त्यावरचा लेख १९७२ चा आहे, माझ्या जन्माच्याही आधीचा. त्या एका संध्याकाळचं ज्ञान मी ओरॅकल डेटाबेसवर वापरलं, मायएसक्यूएलवर वापरलं, आज पोस्टग्रेसवर वापरते. मधल्या काळात वरचं काय काय बदललं ते आठवून बघा. स्ट्रट्स गेलं, स्प्रिंगच्या एक्सएमएल फाइली गेल्या, सर्व्हर गेले आणि कंटेनर आले. २००४ साली पहिल्या नोकरीत लिहिलेली, दोन टेबलं जोडणारी जॉइनची क्वेरी मात्र आजही जशीच्या तशी चालेल. खालचे मजले सावकाश बदलतात. तिथे घातलेला तास फार वर्षं पुरतो.

आणि खालचा मजला माहीत असला की वरच्या बातम्याही लवकर उलगडतात. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि आमच्या शेकडो फाइलींत 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' लिहावं लागलं. त्यावर तासातासाचे व्हिडिओ निघाले. मूळ कारण एवढंच: ओरॅकल कंपनीनं २०१७ मध्ये जावा ईई (जावाचा सर्व्हरवरच्या मोठ्या कामांसाठीचा संच) एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, पण 'जावाएक्स' या नावाखाली पुढचे बदल करायला परवानगी दिली नाही, म्हणून नाव बदललं. वागणूक तीच. हे कळल्यावर कोर्स कशाला लागतो? जी साधनं आपण रोज वापरतो त्यांच्या रिलीज नोट्स वाचायच्या. जावाची नवी आवृत्ती दर मार्च आणि सप्टेंबरला येते. मी त्या महिन्यात दोन तास काढून नुसती वाचते. बदलायचं मात्र दीर्घकाळ पाठबळ मिळणाऱ्या आवृत्तीवरच, म्हणजे ११, १७, २१ अशा टप्प्यांनी.

एक अपवाद ठळकपणे सांगते, नाहीतर माझं बोलणं 'जुन्यालाच धरून बसा' असं वाटेल. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या जावा लायब्ररीमधली फट उघडी झाली तेव्हा आम्ही दोन रात्री जागलो. लॉग४जे शिकायला नव्हे. आमच्या चाळीसएक सेवांपैकी कुठल्या सेवेत ते दुसऱ्या कुठल्या लायब्ररीच्या पोटातून आत आलंय, हे शोधायला. ज्यांना मेव्हन या साधनाची डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कुठली लायब्ररी कुणामार्फत आत आली त्याचा तक्ता, वाचता येत होती त्यांचं काम तासाभरात झालं. बाकीचे अंदाज बांधत बसले.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तीन महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर माझा हा सल्ला बाजूला ठेवा. हव्या त्या पदाच्या दहा जाहिराती घ्या, सात-आठ ठिकाणी जे नाव येतं ते शिका, मुलाखती द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. तुम्ही मोबाइलवर काम करत असता तर मोकळीक याहून कमी असती, कारण गूगल प्ले आणि अ‍ॅपल आपल्या नव्या आवृत्तीच्या अटी दरवर्षी पुढे सरकवतात आणि त्या पाळाव्याच लागतात. फ्रंटएंडची, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागाची, उलथापालथ बॅकएंडपेक्षा वेगळी. सर्व्हिस कंपनीत बेंचवर असाल, तर प्रोजेक्ट मिळेपर्यंत प्रमाणपत्राला किंमत असते. आणि घरात कुणी आजारी असेल, बाळ लहान असेल, तर काही महिने फक्त नोकरीपुरतं काम करून झोपायला जाणं हेच बरोबर. तुमची मुलगी दोन वर्षांची आहे. रात्री अकराला लॅपटॉप उघडायचा बेत सोडून द्या. त्या वेळी वाचलेलं माझ्या तरी कधी डोक्यात राहिलं नाही.

मग नव्याचं काय करायचं? माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर एक वेटिंग लिस्ट असते. नवं नाव कानावर आलं की तारखेसह तिथे लिहिते आणि विसरते. जानेवारीत आणि जुलैत ते पान उघडते. मधल्या काळात ते नाव कामाच्या चर्चेत, म्हणजे खऱ्या सहकाऱ्याच्या तोंडून, तीनदा आलं असेल तर ते कन्फर्म. दोन वर्षांत चाळीसेक नावं लिहिली गेली असतील, त्यातली पाच-सहाच वर सरकली. बाकीची कुणी पुन्हा विचारलीच नाहीत. नाव कागदावर गेलं की डोक्यातून उतरतं, हाही त्या पानाचा मोठा उपयोग.

जे कन्फर्म होतं ते शिकायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मेंटेनन्सचा हिशोब. चोवीस फ्लॅट, दर महिन्याची वर्गणी, उशीर झाला तर व्याज, सेक्रेटरींसाठी लॉगिन, थकबाकीची यादी, पावतीची पीडीएफ. हाच छोटा प्रोग्राम मी फ्लेक्समध्ये लिहिला, जेक्वेरीत लिहिला, अँग्युलरजेएसमध्ये, रिअ‍ॅक्टमध्ये आणि फ्लटरमध्ये लिहिला. प्रश्न तोंडपाठ असल्यामुळे हाताला जे अडतं ते फक्त नवं साधन असतं. व्याज काढायचं सूत्र शोधत बसावं लागत नाही. दोन शनिवारच्या सकाळी मिळून आठ तास, तेवढ्यात कळतं की हे साधन काय सोपं करतं आणि कुठे चिडवतं. पीडीएफ आणि तारखा या दोन ठिकाणी जवळजवळ प्रत्येक साधनाची परीक्षा होते. तुम्हीही असा एक घरगुती प्रश्न निवडून ठेवा. भिशी, किराणा दुकानाची उधारी, शेतातल्या मोटारीच्या पाळ्या, काहीही चालेल. त्यात याद्या, तारखा, पैसे आणि एखादी फाइल असली म्हणजे झालं.

तारखांवरून आठवलं. आपली घड्याळं जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहेत. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल आणि दिवसाचा हिशोब सर्व्हरच्या तारखेनं काढला, तर आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार आदल्या दिवसात जातात. आणि एक तारखेच्या पहाटेचे मागच्या महिन्यात! ही चूक मी चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या कोडमध्ये, चार वेगवेगळ्या साधनांत बघितली आहे.

एआयबद्दल तुम्ही काळजीनं लिहिलंय, म्हणून तेही. मी ते रोज वापरते. अनोळखी कोड समजून घ्यायला, टेस्टचा पहिला खर्डा लिहायला, एखाद्या लायब्ररीचा कोपरा शोधायला ते उत्तम आहे आणि माझे तास वाचवतं. पण मागच्या वर्षी आमच्या एका मुलानं त्याच्याकडून लिहून घेतलेली क्वेरी रिव्ह्यूला आली. नीटनेटकी, नावं छान, टेस्ट सगळ्या हिरव्या. आणि अटीत तारखेच्या रकान्याभोवती फंक्शन गुंडाळलेलं. बारा वर्षांपूर्वीची माझीच चूक! टेस्टच्या डेटाबेसमध्ये पाचशे ओळी होत्या, तिथे ती कशीही धावली असती. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन विचारलं, "प्लॅन बघितलास का?"

कोड लिहिणं स्वस्त झालं, तशी तो तपासणाऱ्या नजरेची किंमत वाढली, असं मी रोज बघते. ती नजर खालच्या मजल्यावर तयार होते. म्हणून आमच्याकडे नियम केलाय: यंत्राकडून कोड घ्यायच्या आधी, काय अपेक्षित आहे आणि काय बिघडू शकतं ते चार ओळींत स्वतः लिहायचं. आणि जो भाग आपल्याला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, तो मुख्य कोडमध्ये मर्ज करायचा नाही.

तर आतापर्यंतचं जुळवून घ्या: नव्या नावांना वेटिंग लिस्ट, रोजच्या साधनांच्या रिलीज नोट्स, सुरक्षेच्या दुरुस्त्या ताबडतोब, आणि शिकण्याचा मुख्य वेळ एक मजला खाली. हा वेळ घरचा काढू नका, ऑफिसचा काढा. कामातलाच बिघाड शोधत असलात की त्याला कुणी वेगळा अभ्यास म्हणत नाही.

आणि असा बिघाड तुमच्याकडे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो. आता त्या सेवेबद्दल.

पुढच्या एक तारखेला ती अडकली की लगेच रीस्टार्ट करू नका. दोन मिनिटं मागून घ्या, मॅनेजरला आधीच सांगून ठेवा. जेस्टॅक या जावाच्या साधनानं थ्रेड डम्प काढा, म्हणजे सेवेत एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी प्रत्येक काम (थ्रेड) त्या क्षणी कोडच्या कुठल्या ओळीवर उभं आहे त्याची यादी. दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं तीन. मग खुशाल रीस्टार्ट करा. नंतर शांतपणे त्या तीन फाइली शेजारी शेजारी उघडा आणि जे थ्रेड तिन्हीत त्याच ओळीवर उभे आहेत ते शोधा.

माझा अंदाज असा की बरेच थ्रेड डेटाबेसचं कनेक्शन मिळायची वाट बघत असतील. स्प्रिंग बूट २ पासून कनेक्शन पूल (आलटून पालटून वापरायच्या तयार कनेक्शनचा साठा) म्हणून हिकारी येतं, आणि तुम्ही काही बदललं नसेल तर त्यात जास्तीत जास्त दहा कनेक्शन असतात आणि तीस सेकंद वाट बघून थ्रेड हार मानतो. दहा म्हणजे कमी, असं वाटून आकडा शंभर करायचा मोह होईल. थोडं थांबा आणि गणित करा. एका कामाला कनेक्शन ५० मिलिसेकंद लागत असेल तर दहा कनेक्शनवर सेकंदाला २०० कामं होतात. तेच कनेक्शन ५ सेकंद धरून ठेवलं तर सेकंदाला फक्त २. बँकेच्या काउंटरसारखं आहे: रांग किती होईल ते खिडक्या किती आहेत यापेक्षा एकेक माणूस खिडकीवर किती वेळ उभा राहतो त्यावर जास्त ठरतं. जॉन लिटल या संशोधकांनी रांगेचा हा नियम १९६१ मध्ये सिद्ध केला. तुमच्या सेवेचं काय होतंय ते आजही तोच सांगतो.

मग प्रश्न उरतो की एक तारखेला कनेक्शन कोण धरून ठेवतं. तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल, तर अडकलेलं असतानाच त्यात चालू कनेक्शनची यादी बघता आली तर फार बरं. तिथे काही 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसली, तर कुणीतरी ट्रान्झॅक्शन (पूर्ण झाला तर सगळा, नाहीतर रद्द, असा व्यवहार) उघडून मधेच दुसरीकडे गेलंय. बहुतेकदा ट्रान्झॅक्शनच्या आतूनच दुसऱ्या एखाद्या सेवेला विनंती पाठवलेली असते, महिनाअखेरीच्या कामांमुळे ती सेवा मंदावते, आणि टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) दिलेला नसल्यामुळे तुमचं कनेक्शन तिच्या उत्तराची वाट बघत अडकून पडतं. किंवा पगाराचा नाहीतर बिलांचा मोठा बॅच त्याच पूलमधून दहाच्या दहा कनेक्शन घेऊन बसतो. किंवा स्प्रिंगची 'ओपन इन व्ह्यू' ही सेटिंग आपोआप चालू राहिलीय आणि उत्तर पूर्ण पाठवून होईपर्यंत कनेक्शन सुटत नाही. हिकारीला गळती ओळखायची एक वेळमर्यादा देता येते. ती दहा सेकंद ठेवलीत तर कनेक्शन धरून बसलेला कोड कुठला, ते लॉगमध्येच छापून येईल.

यात थ्रेड, पूल, ट्रान्झॅक्शन, टाइमआउट आणि रांगेचं गणित एवढं सगळं येतं. यातलं काहीच अँग्युलरच्या पुढच्या आवृत्तीनं जुनं होणार नाही. शिवाय कारण सापडलं की तुमच्या टीमची दर महिन्याची एक सकाळ मोकळी होते, आणि पुढच्या मुलाखतीत सांगायला तुमच्याकडे स्वतःच्या हातची खरी गोष्ट असते. मी मुलाखत घेते तेव्हा अशीच गोष्ट ऐकायला उत्सुक असते.

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख घाला आणि आज तुम्हाला त्या सेवेच्या अडकण्याचं कारण काय वाटतं ते लिहा, चुकीचं असलं तरी. खाली निम्मं पान कोरं सोडा. डम्प काढल्यावर तिथे खरं कारण लिहायचं, आणि ते कुठल्या मजल्यावर सापडलं तेही. एक तारीख झाली की ते तीन डम्प बघून काय दिसलं ते मला जरूर कळवा. थ्रेड वेगळ्याच ठिकाणी उभे असतील तर पुढे कुठे बघायचं ते आपण मिळून ठरवू.